भाऊजींच्या वाटची साखर

सौंसर तालुक्यात कुणाचं काहीही जमलं, तरी त्याची साखर आमच्या भाऊजींच्या तोंडात पडेपर्यंत ते जमलं असं कुणी धरत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संत्र्याचा बगिचा, थोडा कापूस, आणि उरलेला सगळा जन्म दुसऱ्यांच्या भानगडींत. दोन भावांचं शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, बोलणं बंद झालं, बोलवा त्यांना. व्यापाऱ्याशी बगिच्याचा सौदा अडला, बोलवा. मुलीकडचे मोहगावचे, मुलाकडचे तिगावचे आणि मानपानावरून दोघांचीही तोंडं फुगलेली, मग तर बोलवाच. भाऊजी जाणार, खाटेवर मांडी घालून बसणार, संत्र्याचा अंबिया बहार यंदा कसा गळला ते सावकाश सांगणार, आणि दोन्हीकडचे कंटाळून कबूल होईपर्यंत उठणार नाहीत. मग आतून वाटी यायची. एक चिमूट इकडच्यांनी भाऊजींच्या तोंडात घालायची, एक तिकडच्यांनी. त्यांनी ती गिळली की शब्द पक्का. घरात पेढे असले तर पेढे, संक्रांत जवळ असली तर तिळाचे लाडू. पण भाऊजींनी खाल्लं नाही, तर दोन्हीकडचे पुन्हा रुसायला मोकळे.

आता या माणसाला मधुमेह असावा, हा देवाचाच आचरटपणा म्हणायचा. पण होता, आणि बरीच वर्षं होता. निदान झालं तेव्हा भाऊजींनी चहातली साखर सोडली, आणि सोडली ती अशी की सगळ्या तालुक्याला कळावं. माझ्याकडे पांढुर्ण्याला आले की दारातूनच हुकूम सुटायचा, "साळीबाई, माहा चहा फिका." एकदा मी चुकून चमचाभर साखर घातली, तर एक घोट घेऊन त्यांनी कप असा खाली ठेवला की जणू मीच त्यांच्या जिवावर उठले होते. त्याच दुपारी ते आमच्या शेजाऱ्यांकडच्या बोलण्यांना गेले आणि चार पेढे खाऊन आले. मी तोंड सोडलंच. म्हटलं, "भाऊजी, पेढ्यात काय मीठ असते?" शांतपणे म्हणाले, "चहातली साखर माही आहे. पेढ्यातली त्यांची आहे. ते काम आहे बाई, खानं नाही." आणि त्यांना हे मनापासून पटलेलं होतं. स्वतःच्या घरी ताईने सणाला केलेल्या पुरणपोळीला हात लावायचे नाहीत, आणि परक्याच्या ओसरीवर बसून दोन्ही घरांची साखर गिळायचे. ताई चिडायची, पण तिचंही अर्धं मन त्यांच्याच बाजूने होतं. नवऱ्याला चार गावांत मान आहे, हे कोणत्या बाईला वाईट वाटतं?

हळूहळू भाऊजींना सगळीच दुखणी लागायला लागली. गावात खोकला आला की पहिला यांच्याकडे, आणि सगळ्यांचा गेल्यावर यांचा जायचा. मानेवर गळू, ते बसलं की काखेत. भाऊजी म्हणायचे, हवा बदलून राह्यली. मग एका हिवाळ्यात बगिच्यातल्या जंबेरीच्या झाडाचा काटा पायात मोडला, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. चप्पल ओली का लागते म्हणून ताईने पाहिलं तेव्हा तळव्याला भोक पडलं होतं. नागपूरला नेलं, मीही बरोबर गेले. डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत. म्हणाले, "काका, अंगात जंतू शिरला की त्याच्याशी लढणाऱ्या पेशी असतात. रक्तात साखर इतकी वाढली की त्या मंदावतात. रक्तही पायापर्यंत नीट पोचत नाही, आणि दुखणं कळत नाही. ही साखर खाली आली नाही, तर पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही." भाऊजींनी विचारलं, "बोट जाईन का पाय?" डॉक्टर म्हणाले, "ते तुम्ही ठरवायचं." बसमध्ये भाऊजी खिडकीशी बसले. वाटेतलं देऊळ आलं तरी हात जोडले नाहीत, एवढंच म्हणाले, "साळीबाई, मले भेव वाटून राह्यलं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

अंगठ्याशेजारचं बोट गेलं. पाय राहिला, पण भरवशाचा नाही. जखम भरत होती, कधी थांबत होती. अशात मोहगावच्या एका घरची सोयरीक जुळली आणि भाऊजींना गाडी पाठवून नेलं; पाय असा, म्हणून ताईही बरोबर गेली. मुलाच्या आजोबांनी चिमूट पुढे केली. भाऊजींनी हात जोडले. म्हणाले, "मले आता चालत नाही." आजोबांचा हात तसाच हवेत. मुलीच्या बापाचं तोंड उतरलं, कारण मध्यस्थाने साखर नाकारली म्हणजे त्याला या घरात काहीतरी खोट दिसली, असाच अर्थ आमच्याकडे लागतो. भाऊजींनी पट्टी बांधलेला पाय दाखवला, तरी म्हातारा म्हणाला, "एका चिमटीनं काय होते?" तेव्हा ताई बायकांतून उठली, पदर सावरून पुढे आली आणि म्हणाली, "त्यायच्या वाटची मी खातो." अर्धांगी म्हणतातच ना बायकोला, तेव्हा कुणाला हरकत घ्यायलाही जागा उरली नाही. तिने दोन्हीकडची साखर खाल्ली. सोयरीक पक्की झाली.

आणि भाऊजींना तर वाटच सापडली. त्यानंतर जिथे जिथे ते बसले, तिथे तिथे बाजूला ताई. बोलायचं त्यांनी, खायचं तिने. लोकांनाही सवय झाली, निमंत्रणच जोडीने यायला लागलं. भाऊजींची साखर खाली आली, जखम भरली, गळवं थांबली. मला म्हणायचे, "पाह्य, डॉक्टरचंही झालं अन् समाजाचंही झालं." मीही हसले होते. ताईने नवऱ्याचा पाय वाचवला म्हणून मी पांढुर्ण्यात पाच घरी कौतुक सांगून आले.

दोन पावसाळ्यांनंतर ताईच्या हाताला विळीचा काप लागला. तो भरेना. मग घशाला कोरड, मग सारखी लघवी, मग उभ्या उभ्या थकवा. ती म्हणायची, वय झालं. मी जबरदस्तीने तपासणी करवली, आणि कागदावरचा आकडा पाहून भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. डॉक्टर म्हणाले, यांच्या आईलाही मधुमेह होता, वजनही वाढलंय, नुसत्या पेढ्यांनी झालं असं म्हणता येणार नाही, पण त्यांची भर पडलीच. भाऊजींनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. ताई औषधं घ्यायला खिडकीशी गेली, आणि हा मोठा माणूस, ज्याने चार गावांची भांडणं मिटवली, बाकावर माझ्या शेजारी बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. "माह्या वाटचं खाल्लं वो तिनं," म्हणाले. "मी खाऊ देल्लं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवण्याची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी मला रीत आठवली नाही.

भाऊजी अजून बोलण्यांना जातात. वाटी आली की आधीच सांगतात, "आमच्या घरचं कोनी साखर खानार नाही. शब्द देल्ला, तो घ्या." काही जण घेतात. काही जणांना ते फिकं वाटतं, ते आता दुसऱ्याला बोलावतात. बोलावणी कमी झाली हे त्यांना लागतं, मला दिसतं ते. पण मागच्या महिन्यात मी सौंसरला गेले, तेव्हा दिवस मावळायच्या आत ते कुणाची तरी बैठक अर्धी टाकून घरी आले होते. ताई अंगणात खाटेवर बसलेली. भाऊजी खाली जमिनीवर, चष्मा नाकावर, आणि तिचा तळवा मांडीवर घेऊन बोटं एकेक वेगळी करून पाहत होते, कुठे चीर आहे का, कुठे लाल आहे का. हे रोज करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताई लाजून पाय ओढत होती. "सोडा वो. नवऱ्यानं बायकोचे पाय धरले तर मले पाप लागन. रस्त्यावरून लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," भाऊजी म्हणाले, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.