सात निवडुंग आणि एक चिमटा

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल! हा गाढवपणा मी अजून माहेरीसुद्धा सांगितलेला नाही.

मला निवडुंगांचं भारी वेड. पण फार वर्षांपूर्वी एक कुंडी आणली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काट्याचं झाड घरात नको." संपलं! तेव्हापासून मी मन मारलं. मग कधीतरी कळलं, गोल बॅरल कॅक्टसची एक बिनकाट्याची जात असते. लगेच बी मागवलं की!

श्रीखंडाच्या डब्यात वाळू-माती भरून दहा बिया पेरल्या. सात उगवल्या. रोपं जपून जपून ज्वारीच्या दाण्याएवढी केली, आणि एका सकाळी बघते तर काय? काटे!

शहाणी बाई असती तर तिनं बी विकणाऱ्याला फोन केला असता. मी काय केलं? भुवया कोरायचा चिमटा आणला आणि एकेक काटा उपटला! दर रविवारी, गॅलरीत, सासूबाई आंघोळीला गेल्या की. रोपं मलूल पडली. मला दया आली, म्हणून आणखी पाणी घातलं. ती सडली. एकामागून एक सहा गेली.

सातव्याला चिमटा लावला आणि मागून आवाज आला, "काय करतीस ग?"

मी रडकुंडीला आले. "आई, ह्याला काटे आलेत. तुम्हाला घरात चालत नाहीत, म्हणून..."

"यव्वा! मी कवा म्हणले?"

"तुम्हीच म्हणालात, काट्याचं झाड घरात नको!"

"अग, तवा तुझं पोरगं रांगत हुतं! आता दहावीला हाय की!"

इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या मनातलं मीच ठरवून टाकलं आणि शिक्षा भोगली त्या सहा जिवांनी. फार वाईट वाटलं हो.

शेवटी फोन केला. विकणारा म्हणाला, "बाई, ह्या जातीला बारीक काटे येतातच. ते टोचत नाहीत, एवढंच."

सातवं रोप सासूबाईंनी त्याच दिवशी ताब्यात घेतलं. तीन वर्षांत ते लिंबाएवढं झालंय. पाहुणे आले की त्या माझ्यादेखत कौतुकानं दाखवतात, "ह्येच्याकडं मी ध्यान दिलं न्हाई, म्हणून जगलं. बाकीची सहा आमच्या सूनबाईनं लई जपली!"