मागच्या खुर्च्या

रिक्षा मैलापूरला पोचेपर्यंत मी चारदा हेडफोन पिशवीतून काढले, चारदा ठेवले. मामांना रेकॉर्डिंग आवडलं नाही तर? स्टेजवरची त्यांची ती शेवटची मैफल होती. त्यांनी नको म्हटलं की रेकॉर्डिंग बाहेर काढायचं नाही, हे माझं मीच कबूल करून बसले होते. अतिशहाणी!

मामा मृदंग वाजवतात. तंजावरचं मराठी घराणं. मी सांगलीची, इथल्या गिंडी भागातल्या एका स्टुडिओत साउंड इंजिनीअर. सभागृहात आम्ही चहूबाजूंनी माइक लावले होते. हेडफोन घातले की आपण मधल्या रांगेत बसलोय असंच वाटावं. गाणं समोर, शेजारच्या श्रोत्याने मांडीवर धरलेला ताल उजवीकडे, आणि मागून खुर्च्यांची करकर इतकी खरी, की मी स्वतःवरच खूश.

ऐकवायला मी कोणता भाग निवडावा? त्यांच्या एकट्याच्या वादनाचा. मामी शेजारी येऊन बसल्या. मामांनी हेडफोन घालून डोळे मिटले, बोटं मांडीवर चालू झाली. मला काही एका जागी बसवेना. मी उठून खिडकीशी गेले, परत आले.

मग मामांनी एकदम मान वळवून मागे बघितलं. मागे नुसती भिंत होती.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या खुर्च्या! मृदंग एकटा वाजायला लागला की अर्धी सभा कॉफीला उठते, इथली रीतच आहे. मामा स्टेजवर डोळे मिटून वाजवणार, त्यांना काय पत्ता? घरी येऊन ते मामींना विचारायचे आणि मामी म्हणायच्या, कोणी हललं नाही. हे मला मामींनीच हसत सांगितलं होतं, आणि मी मूर्ख ते विसरले!

"मामा, मागचे आवाज काढून टाकते मी, दोन मिनिटांचं काम," मी घाईघाईने म्हणाले. त्यांना ऐकूच गेलं नाही. कॅन्टीनचं दार उघडून मिटल्याचा आवाजही त्यात होता, मला पाठ होता तो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी हेडफोन काढले, मामींकडे बघितलं.

"अय्यो, इतके उठतात? दर वेळी?"

मामींनी पदर सारखा केला. त्यांचा आवाज चढलाच.

"मी उठले का कधी?"