मॉरीनचा डबा

साल २०२४, एप्रिल महिना. पुण्यात उन्हाने डोकी तापलेली आणि इकडे मेलबर्नजवळ वेरिबीत ऑटम सुरू, झाडांची पानं लाल. माझं डोकं मात्र पुण्याच्याच बाजूने होतं.

किस्से गोळा करायची मला हौस नाही. मी सरळ काम करायला जातो, लोक मध्ये येतात आणि त्याचाच किस्सा होतो. या वेळी काम एवढंच होतं, भोपळ्याचे स्कोन करायचे. स्कोन म्हणजे बुटका, जाड, भाजलेला पाव. गरम फोडायचा, लोणी लावायचं आणि खायचा. पोरंसुद्धा करतात इथली. पण आमच्यात सोपं काम सोपं राहील तर शप्पथ!

कशाला करायचे, ते आधी सांगतो. आदल्या ऑटममध्ये आमच्या हिचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगा आणि सून कामावर, मी घरात एकटा. शेजारची मॉरीन, एकटीच राहणारी गोरी म्हातारी, डबा घेऊन दारात आली. पत्र्याचा, झाकणावर गुलाब. आत भोपळ्याचे स्कोन, गरम. “खा लव्ह, गार व्हायच्या आत.” इथल्या म्हाताऱ्या सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. ही हॉस्पिटलातून येईपर्यंत मॉरीन येत राहिली. रिकामा डबा स्वतःच उचलून न्यायची, भरून आणायची.

शेवटचा डबा मी दिला नाही. लपवून ठेवला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं मला फार शाळा न शिकताही कळतं. ही बरी झाल्यावर म्हणाली, “मी लाडू करते, नेऊन द्या.” म्हटलं, “तिने तिच्या हाताने केलं, माझ्यासाठी. फेड माझ्या हातची.”

आणि या एप्रिलमध्ये कळलं, मॉरीनने घर विकलं. महिनाअखेरीस मुलीकडे पर्थला चालली, कायमची. म्हणजे मला सवड नव्हती.

*

पहिल्या दिवशी घरचा ओव्हन लावला. थोड्या वेळाने वास आला. मग धूर. मग छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. दार उघडून बघतो तर आत दोन कढया, एक तवा आणि प्लास्टिकच्या डब्यांचा झालेला लगदा!

सून धावत आली. “आबा, लावण्याआधी आत बघायचं ना!”

“ओव्हनमध्ये भांडी कोण ठेवतं?”

“सगळेच ठेवतात, आबा!”

खरं निघालं. नंतर मी चार ओळखीच्या घरी विचारलं. चारही घरी ओव्हनमध्ये कढया. एवढी महागडी मशीन, आणि हे लोक तिचं भांड्यांचं कपाट करून बसलेत! वर मलाच शहाणपण.

“आता इथे नको, आबा. तुमच्या ग्रुपच्या हॉलमध्ये करा,” सून म्हणाली. दर गुरुवारी आम्ही म्हातारी माणसं तिथे जमतो, किचन मोठं आहे. गेलो.

*

पुण्यात मी जन्मभर वेल्डिंग केलं. पीठ कधी मळलं नव्हतं, पण आईला बघितलं होतं. पीठ घेतलं, लोणी घातलं, शिजवलेला भोपळा घातला आणि मळलं. चांगलं रगडून मळलं! मग ओलं फडकं टाकून मुरत ठेवलं. भोपळ्याच्या घारग्यांना ठेवतात तसंच.

ओव्हनमधून जे निघालं ते टेबलावर पडलं तेव्हा आवाज आला.

घरी नेलं. सुनेने एक हातात घेतला. “आबा, याला मळायचं नसतं. बोटांनी नुसतं एकत्र करायचं.”

“न मळता कसलं पीठ? चिखल का तो?”

आमची ही पुढे आली. एक स्कोन उचलला आणि बेडरूमच्या दाराला लावला. म्हणाली, “राहू द्या. वाऱ्याने दार आपटतं रोज.”

*

पुढच्या गुरुवारी अख्खा भोपळा घेऊन गेलो. हॉलमध्ये आमच्या बायका बसल्या होत्या. म्हटलं, “मी पीठ मापतो, कोणीतरी भोपळा चिरा.”

कोणी हात लावेना! सगळ्या एकमेकींकडे बघतात. शेवटी एकजण म्हणाली, “भाऊ, अख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो. आधी पुरुषाने सुरी लावायची. घराला बरं नसतं.”

पुरुष होते ना! तिघं सोफ्यावर, तिघांच्या माना मोबाईलमध्ये. या बायकांच्या पोरी इथे हॉस्पिटलात माणसांची पोटं चिरतात, आणि आयांना भोपळा चिरवत नाही!

सुरी घेतली आणि एका घावात दोन तुकडे केले. म्हटलं, “माझ्या आईने जन्मभर भोपळे चिरले. आठ भावंडं आहोत आम्ही. अजून काय बरं व्हायचं राहिलं?”

त्या दिवशी बोलाचालीतच वेळ गेला. घाईत भाजलेले स्कोन आतून कच्चे निघाले.

*

तिसऱ्या गुरुवारी ग्रुपमधला गुरमीत मदतीला आला. टॅक्सी चालवून रिटायर झालेला सरदार, मनाने मोठा, हाताने त्याहून मोठा. सुनेने लिहून दिलेल्या कृतीत दालचिनी, जायफळ, लवंग होतं, ते त्याला वाचून दाखवलं.

“अरे पाजी, ये तो अपना गरम मसालाही हुआ! घर का है, बीवी ने कूटा है.” आणि मी नको म्हणायच्या आत त्याने मूठ सोडली. त्यात मिरी, जिरं, मसाला वेलची, सगळं.

भाजल्यावर हॉलभर मटणाचा वास सुटला. सोफ्यावरचे तिघं पहिल्यांदा उठून आले!

मी गुरमीतकडे बघितलं. तो एक खाऊन म्हणाला, “बुरा नहीं है. रायता होता तो मजा आता.”

मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. तो रोज फोन करायचा, मी रोज कट करायचो. बाहेर बघितलं तर मॉरीनच्या अंगणात खोकी रचायला सुरुवात झाली होती.

*

शेवटचा गुरुवार. दोन दिवसांनी ती जाणार.

या वेळी कोणालाही ओट्याजवळ येऊ दिलं नाही. लोणी फ्रीजमधलं घट्ट, बोटांनी चोळलं. भोपळा गार करून घातला, एक सफरचंद किसून, दालचिनी चिमूटभर. मळलं नाही. हात शिवशिवत होते, तरी मळलं नाही! ट्रे काढताना मनगटाला चटका बसला. पण स्कोन फुलले होते. सोनेरी, हलके, मधून आपोआप तडकलेले.

काही डब्यासाठी बाजूला ठेवले, बाकीचे सगळ्यांना दिले. ग्रुपमध्ये एक नवे गृहस्थ आले होते. पुण्याचे, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर, सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी स्कोन हातात घेतला, वास घेतला, वा वा केलं. मग विचारलं, “आडनाव काय म्हणालात?”

“म्हणालो नव्हतो. कांबळे.”

साहेबांनी स्कोन परत ट्रेमध्ये ठेवला. अगदी हळू, सभ्यपणे. “अरे हो, आज गुरुवार. माझा उपास असतो.”

थोड्या वेळाने बघतो तर साहेब दुसऱ्या टेबलावर, कोणाच्या तरी घरून आलेला केक खातायत! दुसरा तुकडा!

विमानात सामान किलोकिलोने मोजतात, पण ही सवय कोणी वजनात धरत नाही. कितीही आणा!

मी ट्रे घेऊन तिकडे निघालो. पण माझ्या आधी गुरमीत बोलला, तोही पूर्ण आवाजात. “साबजी, सिर्फ इनकी ट्रे का व्रत रखते हो क्या?”

साहेबांच्या तोंडातला केक तोंडातच राहिला. मी गुरमीतसमोर ट्रे धरला. आठवड्यानंतर त्याच्याशी पहिला शब्द बोललो, “खा.” त्याने चार खाल्ले.

*

तसाच डबा घेऊन मॉरीनकडे गेलो. घर रिकामं, एक टेबल आणि दोन खुर्च्या उरलेल्या. तिने झाकण उघडलं. बशी नाही, लोणी नाही. उभ्यानेच एक खाल्ला. बोटं चाटली.

“मेट, हे तू स्वतः केलेस?”

“यस. माय हॅन्ड.” मी मनगटावरचा चटका दाखवला.

ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली. म्हणाली, “अरे देवा! लव्ह, मी जन्मात कधी स्कोन केले नाहीत. चर्चच्या स्टॉलवरून आणायचे आणि तुझ्या दारात यायच्या आधी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे!”

तिने दुसरा स्कोन उचलला.

मी झाकण लावलं, डबा तिच्यापुढे सरकवला आणि घरी आलो. फिटलं.