बायकांच्या खोक्यातली शेवटची चिठ्ठी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या बायकांना कोणकोणते आजार होण्याची परवानगी आहे, याचा अंतिम निर्णय एका गुरुवारी दुपारी सांगलीत झाला. हरकती नोंदवण्याची मुदत संपलेली आहे. यादीबाहेरचं काही दुखत असल्यास ते ज्या त्या बाईने स्वतःच्या जबाबदारीवर दुखू द्यावं.

त्या समितीत मी होते, म्हणून हे इतक्या अधिकाराने सांगतेय.

सांगलीतलं एक जुनं वाचनालय दोन जिल्ह्यांचा कोश काढतं. पहिला खंड देवळांचा आणि किल्ल्यांचा, तो खपला. दुसरा नागरी सुविधांचा, त्याचं काय झालं ते पुढे येईल. तिसरा आरोग्याचा. त्यातल्या ‘स्त्रीआरोग्य’ विभागाची संपादक मी. मी साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवते, वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरता. पण समितीला एक लिहिणारी बाई हवी होती आणि मी पहिल्या रिंगला फोन उचलला.

अध्यक्ष निवृत्त सर्जन होते. निम्म्या सांगलीची अपेंडिक्सं त्यांनी काढली होती आणि उरलेली निम्मी निसटली याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कायम असायचं. ते मला ‘बाई’ म्हणत, वर्गाबाहेर उभं केल्यासारखं. मी त्यांना ‘अध्यक्षमहाराज’ म्हणे. तिसऱ्या बैठकीपर्यंत आम्ही एकमेकांकडे न बघता भांडायला शिकलो होतो.

खंडाचा खर्च विट्याच्या एका शेठजींचा. त्यांनी तीस वर्षं दक्षिणेत गलाईचं दुकान चालवलं. म्हणजे जुने दागिने वितळवायचे, भेसळ जाळायची आणि शुद्ध सोनं वेगळं काढायचं. आता गावी परत येऊन ते आम्हाला वितळवत होते.

चौथ्या सदस्य वडूजच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. वडूजहून विट्याला एक एसटी, विट्याहून सांगलीला दुसरी, असं करून यायच्या आणि खुर्चीच्या कडेवर बसायच्या. पहिल्या दोन बैठकींत त्यांनी चहा तसाच ठेवला. बैठका गुरुवारच्या, त्यामुळे कडक उपवास असेल असं मी धरून चालले. त्यांचा चहाही मीच प्यायले.

आणि ग्रंथपाल. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचं घराणं पुस्तकबांधणीचं, त्यामुळे कागद फेकणं त्यांना पाप वाटे. कोशाचे विषय लिहायला लागणाऱ्या चिठ्ठ्या ते जुन्या लग्नपत्रिका कापून करत. एका बाजूला गणपती आणि ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, मागच्या कोऱ्या बाजूला ‘अतिरक्तस्राव’. ‘वंध्यत्व’ कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर आलं होतं. हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात, त्यामुळे चाचांचा साठा आटत चालला होता. “एक विषय, एक चिठ्ठी. खाडाखोड करू नका,” असं ते प्रत्येक बैठकीत बजावत.

टेबलावर चपलांची दोन रिकामी खोकी होती. एकावर ‘सामान्य’, दुसऱ्यावर ‘स्त्री’. चिठ्ठी वाचायची, भांडायचं आणि कुठल्यातरी खोक्यात टाकायची, ही आमची कार्यपद्धती.

अध्यक्षांनी नियम केला. “जे पुरुषाला होतं, ते सामान्य. उरेल ते स्त्रीआरोग्य.”

शेठजी खूश. “म्हंजे गलाईच की, डॉक्टर. भेसळ जाळायची, शुद्ध उरंल ते बायकांचं.”

मग जाळायला सुरुवात झाली. हृदयविकार सामान्य. गुडघेदुखी सामान्य. रक्त कमी असणं सामान्य, कारण रक्त पुरुषालाही असतं. मी एकेक चिठ्ठी उचलत होते, अध्यक्ष ती माझ्या हातातून काढून घेत होते.

“प्रोस्टेट?” मी विचारलं.

“सामान्य.”

“बायकांना तो अवयव नसतो, अध्यक्षमहाराज. नियमाने त्याला तिसरं खोकं लागेल.”

“बाई, घराघरात असतो तो. सामान्यच आहे.”

त्याला दोन पानं आणि एक आकृती मंजूर झाली. अध्यक्षांना या विषयाबद्दल आस्था होती, कारण दर पाऊण तासाने ते उठून चाचांकडे किल्ली मागत आणि मागच्या अंगणात जाऊन येत. परत आल्यावर चेहरा जरा माणसाळलेला असे, म्हणून मी माझे अवघड विषय त्याच वेळी काढायचे.

आमच्या खोक्यात काय पडत होतं? ‘मुलांचे जंत’. ‘डब्यात काय द्यावे’. ‘कुकरच्या वाफेने भाजणे’. आणि ‘पतीचा मधुमेह’.

“नवऱ्याचा मधुमेह बायकोचा आजार कसा?” मी विचारलं.

“स्वयंपाक कोण करतं?” अध्यक्ष म्हणाले.

शेठजींनी टाळी दिली. ती अध्यक्षांनी घेतली. या दोन पुरुषांना एकत्र आणण्याचं श्रेय माझं आहे, ते मी सोडणार नाही.

तर तो गुरुवार. दुसऱ्या दिवशी विषयसूची छापखान्यात जाणार होती, त्यामुळे ही शेवटची बैठक. चहाच्या आधी सिस्टर माझ्या कानाशी आल्या. “ताई, हितं बायकांचं कुठं हाय?”

मी तिसऱ्यांदा त्या इमारतीत आले होते आणि मला माहीत नव्हतं. दोघी चाचांकडे गेलो. ते टोपी सारखी करत म्हणाले, “आहे ना, मॅडम. स्वतंत्र आहे. पण त्यात दुसरा खंड आहे.”

मी दार उघडून पाहिलं. नागरी सुविधांचा खंड जमिनीपासून खिडकीपर्यंत, गठ्ठेच्या गठ्ठे, न खपलेला. संडासाचं भांडं कुठे आहे ते फक्त त्या खंडाला माहीत. मी तिथे उभी राहून इतकी हसले की सिस्टर म्हणाल्या, “ताई, हसवू नका, मला आत्ता हसाय जमायचं न्हाई.”

मग मी चाचांच्या मागच्या खिळ्यावरून पुरुषांची किल्ली काढली. तिला पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता, हरवू नये म्हणून. कुलूप यासाठी की शेजारच्या एसटी स्टँडवरचे लोक आत शिरायचे. सिस्टर आत गेल्या, मी दारावर पहारा दिला. मग मी गेले, त्यांनी दिला. कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. एवढ्या क्षणापर्यंत माझ्या मनात काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

अंगणात हात धुताना सिस्टर बोलल्या. त्यांची मुलगी नववीत. शाळेत मुलींची संडासं आहेत, पण एकाला कडी नाही आणि दुसऱ्याला कुलूप. मुलगी सकाळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. मागच्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला, पाठ धरली. मूत्रपिंडाला सूज. दहा दिवस सलाईन.

“डॉक्टर पोरीवरच वराडलं. पानी का पीत न्हाईस म्हनून,” सिस्टर म्हणाल्या. “मी नर्स हाय, ताई. मी बी एवढी वर्सं बायांना तेच सांगत आले, पानी प्या, पानी प्या. आन मी सोता एसटीत बसायच्या आदी पीत न्हाई. पोरगी मला बघूनच शिकली.”

मी साताऱ्याहून निघताना पाणी पीत नाही, हे मला तेव्हा कळलं. गेली पंचवीस वर्षं पीत नाही. मला वाटायचं, मला तहान कमी आहे.

सिस्टरनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. चाचांकडून मागून घेतलेली, गणपतीची. मागे त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘पाणी न पिणे’. “एवढं एक बायकांच्यात पडू द्या,” त्या म्हणाल्या. “शाळंच्या बाईंना म्होरं उघडून दावाया. पोरीची चूक न्हाई म्हनून.”

चहा झाल्यावर मी ती चिठ्ठी वाचली.

“पाणी न पिणे हा आजार नाही,” अध्यक्ष म्हणाले. “सवय आहे.”

“संडास नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत आणि म्हणून आजारी पडतात.”

“मग तो विषय नागरी सुविधांचा. दुसऱ्या खंडात घाला.”

“दुसरा खंड आत्ताच पाहून आले. पूर्ण भरलाय.”

सिस्टर खाली बघत होत्या. शेठजी म्हणाले, “बाई, आमची आई मेंढरामागं दिवसभर हिंडायची, एक तांब्या पान्यावर. कुटं काय झालं तिला?”

“कशाने गेल्या?”

“किडनीनं,” शेठजी म्हणाले आणि लगेच, “पन ती वयानं,” असं जोडलं.

“आणि हे पुरुषालाही होतं,” अध्यक्ष म्हणाले. “नियमाने सामान्य.”

“पुरुष कुठे धरून बसतो, अध्यक्षमहाराज?”

“न धरायला काय झालं? शिस्त लागते. ऑपरेशनला मी सलग पाच-सहा तास उभा राहिलोय. सवयीचा प्रश्न आहे. ही चिठ्ठी रद्द.” आणि ते उठले. त्यांची वेळ झाली होती. “चाचा, किल्ली.”

चाचांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आता मनात आलं. इतकं चांगलं काही माझ्या मनात पुन्हा येईल असं वाटत नाही. मी पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन लावली. “किल्ली माझ्याकडे आहे. एवढी एक चिठ्ठी संपवू, मग देते.”

“हा पोरकटपणा आहे.”

“सवयीचा प्रश्न आहे.”

ते बसले. मानी माणूस, एका बाईकडे दुसऱ्यांदा मागणार नव्हता. “ठीक आहे. करा चर्चा.”

मी चर्चा केली. आयुष्यात इतकी सविस्तर चर्चा मी केलेली नाही. मी बाजारात माळवं विकणाऱ्या बायकांपासून सुरुवात केली, लग्नघरांवर आले, परीक्षाकेंद्रांवर गेले, तिथून एसटीच्या थांब्यांवर. प्रत्येक थांब्यावर उतरले. अध्यक्षांनी उजवा पाय डाव्यावर टाकला. मग डावा उजव्यावर. चाचांनी शिळा चहा कपात ओतायला घेतला, त्या आवाजाने अध्यक्षांनी डोळे मिटले.

“चाचा, नंतर,” ते म्हणाले.

शेठजी त्यांच्याकडे वाकले. “आवं डॉक्टर, भायेर भिताड हाय की. कोन बगतंय.”

अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शेठजींना आठवलं. त्या भिंतीला लोक आडोसा करतात म्हणून वाचनालयाने मागच्याच वर्षी तिच्यावर देवांच्या चित्रांच्या फरश्या लावून घेतल्या होत्या. गणपतीपासून मक्का-मदिनेपर्यंत, एक वीत जागा सोडलेली नव्हती. ठराव अध्यक्षांचा, खर्च शेठजींचा.

“माझी मुदत संपली का?” मी विचारलं.

“सूचना अशी,” अध्यक्ष दात आवळून म्हणाले, “की ‘सामान्य’मध्ये एक ओळ.”

“ओळ नको. नोंद हवी. या खोक्यात.”

“नियम म्हणजे नियम.”

मग मी पुन्हा परीक्षाकेंद्रांवर गेले.

मला लाज वाटायला हवी होती. माणूस सत्तरीपुढचा, दुखणाईत. थोडी वाटली, पण घरी पोचल्यावर. त्या वेळी मी इतकी रंगात होते की मी सिस्टरकडे पाहिलंच नाही. त्या हसत नव्हत्या. त्यांना त्या खोलीत सगळ्यांत नीट दिसत होतं की अध्यक्षांच्या कपाळावर घाम आलाय आणि टेबलाची कड त्यांनी कशी धरलीय.

“ताई, द्या त्यांना किल्ली,” सिस्टर म्हणाल्या. “कसं हुतं ते मला ठावं हाय. माझी पोरगी बाकाची कड अशीच धरायची. चिठ्ठी ऱ्हाऊ द्या.”

मी चेन उघडली. चिठ्ठी हरली होती आणि ती मी माझ्या नाटकाने हरवली होती, हे मला तेव्हा कळलं. तरी जाता जाता एक टोला हाणल्याशिवाय मला राहवेना. मी किल्ली टेबलावर सरकवली आणि गोड आवाजात म्हटलं, “होईल सवय, अध्यक्षमहाराज.”

‘पाणी न पिणे’ ही नोंद आज तिसऱ्या खंडात आहे, स्त्रीआरोग्य विभागात, शेवटची. वडूजच्या एका शाळेत दोन्ही दारांना आता आतून कड्या आहेत आणि सिस्टर चहा पितात. अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. पण ती चिठ्ठी बायकांच्या खोक्यात त्यांनीच टाकली, स्वतःच्या हाताने, अंगणाकडे धावता धावता, आणि धावताना सिस्टरकडे वळून त्यांच्या तोंडून निघून गेलं, “सवय कसली डोंबलाची, सिस्टर, दुखतंय हो हे.”