सगळं बरं हाय

आमच्या पाळणाघराच्या भिंतीवर पोपट रंगवलेले होते. ते पोपट कमी आणि कोंबड्याच जास्त दिसायचे, पण ज्यांची पोरं तिथं राहायची त्याच बायकांनी ते रंगवलेले, त्यामुळे नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. सोलापुरात आमच्या गल्लीत बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. सुपात तंबाखू आणि पानं, आणि त्याच खोलीत रांगणारं मूल. तंबाखूची भुकटी त्याच्या नाकातोंडात जाते आणि ते खोकत राहतं. पोरांनी दिवसभर तरी स्वच्छ हवेत राहावं, एवढ्यासाठीच ते पाळणाघर होतं.

ते सुरू केलं अक्कानं. अक्का माझी शेजारीण, तेलुगू घरातली, लहानपणापासून विड्या वळणारी. तिच्या थोरल्या नातवाचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, याला त्या खोलीतून बाहेर काढा. बाहेर म्हणजे कुठं, हे काही ते बोलले नाहीत. अक्कानं मग गल्लीतल्या बायका जमवून मंडळ काढलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून मला मंडळात ओढलं. पुढं परदेशातली एक संस्था आमची भागीदार झाली आणि मी आपोआप दुभाषी झाले.

त्या संस्थेच्या एक मॅडम दरवर्षी यायच्या. मांडी घालता येत नसताना हट्टानं सतरंजीवर बसायच्या आणि उठताना दोघींनी हात द्यावा लागायचा. निर्णय तुमचे, आम्ही फक्त सोबतीला, असं म्हणायच्या आणि खरोखर तशाच वागायच्या. जागेचं भाडं आणि मुलं सांभाळणाऱ्या पोरींचा पगार त्यांच्याकडून यायचा, पण कुठली पोरगी ठेवायची, खिचडी करायची की उप्पीट, हे अक्का ठरवायची. पूर्वी महापालिकेत गेली की अक्का दाराशी पदर सावरत उभी राहायची. त्या काही वर्षांत ती साहेबासमोरची खुर्ची ओढून बसायला शिकली. ते बघताना मला फार बरं वाटायचं, अजून आठवलं तरी वाटतं.

मॅडमच्या शेवटच्या भेटीला बायकांनी फरशी फिनेलनं धुतली, शेंगापोळ्या केल्या आणि द्यायला एक लाल चादर आणली. जेवणं झाल्यावर मॅडमनी विचारलं, ‘‘यापुढे तुम्हाला आमची गरज कशात आहे? मोकळेपणानं सांगा.’’ मी मराठीत सांगितलं.

आमच्याकडे घरी आलेल्या माणसानं काही कमी आहे का विचारलं, की काही कमी नाही म्हणायचं, मग डबा रिकामा का असेना. पाहुण्यानंही ते खरं धरायचं नसतं. त्यानं पुन्हा विचारायचं, रागवायचं, शपथ घालायची, मग कुठं माणूस तोंड उघडतो. अक्का हसून म्हणाली, ‘‘सगळं बरं हाय. काय कमी न्हाय. तुमच्यामुळं आमी उभ्या ऱ्हायलो की.’’

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि पुढं भाड्याचं बोलू लागले, तर अक्कानं माझा गुडघा दाबला. ‘‘बाई, जास्तीचं नको. इचारतील त्या.’’

सगळ्या जणी मॅडमकडे बघत बसल्या. मॅडमचे डोळे भरून आले होते. त्यांच्याकडे समोरच्याच्या शब्दाचा मान ठेवायचा म्हणजे पुन्हा विचारायचं नाही. त्यांनी विचारलं नाही.

काही महिन्यांनी संस्थेतून फोन आला. तुमचं मंडळ आता स्वतःच्या पायावर उभं आहे, भागीदारी यशस्वी झाली, अभिनंदन. म्हणजे भाडं आणि पगार बंद. मी अक्काला जाऊन सांगितलं. ती विडीला दोरा गुंडाळत होती. दोरा तोडून तिनं विडी सुपात टाकली. मग म्हणाली, ‘‘पन त्यांनी परत इचारलंच न्हाय की.’’

मी लगेच मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांना हुंदका आवरेना. पैसे दुसऱ्या एका देशातल्या आयांच्या मंडळाला देऊन झाले होते. तिथंही पोरं खोकतच असतील, त्यांच्यावर कसलं रागवणार? महापालिकेत अक्का खुर्ची ओढून बसली, साहेबानं चहा पाजला, बघतो म्हणाला. वर्षाच्या आत पाळणाघर बंद पडलं. आता त्या जागेत टॉवेलचे गठ्ठे रचलेले असतात आणि वरून पोपटांची फक्त डोकी दिसतात. मला अक्काचा राग आला, मॅडमचा आला, आणि दोघींचंही चुकलं नव्हतं, याचा सगळ्यात जास्त आला.

मागच्या आठवड्यात मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. आता त्या निवृत्त झाल्यात. मी फोन घेऊन अक्काकडे गेले. मॅडमच्या मागं सोफ्यावर आमची लाल चादर दिसली आणि अक्का हरखली. ‘‘वापरत्यात बघ.’’ धाकटी नात सुपाजवळ रांगत होती. अक्कानं पायानं सूप मागं सरकवलं आणि फोन अगदी तोंडाजवळ धरला.

मॅडमनी विचारलं, मुलं कशी आहेत?

‘‘सगळं बरं हाय.’’

मी सांगितलं. मॅडम फोनच्या जवळ सरकल्या. मग कुठून शिकल्या कोण जाणे, मराठीत म्हणाल्या, ‘‘खरंच?’’

मागं नात खोकू लागली. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग फोनमधल्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे. ‘‘व्हय,’’ ती म्हणाली, ‘‘खरंच.’’

फोन बंद झाल्यावर तिनं नातीला काखेत घेतलं, तिची पाठ चोळली आणि दुसऱ्या हातानं सूप पुढं ओढलं. ‘‘या बारीला परत इचारलं बघ,’’ ती म्हणाली.