अर्ध्या जेवणावरून उठलेले आप्पा

तेरहून मामेभावाचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला कचेरीत डबा उरकत होतो. "आप्पा गेले," तो म्हणाला. घास तोंडातच राहिला... आयुष्यात एक घास मी इतका वेळ कधीच चघळला नव्हता.

आप्पा म्हणजे माझे मामा. ज्वारी, तूर, करडईचं तेल, सगळं स्वतःच्या रानातलं. त्यांना जेवायला अर्धा तास सहज लागायचा. माझं सात मिनिटांत आटपायचं आणि मग दिवसभर पित्ताच्या गोळ्या. "चक्कीत दाणे टाकल्यावानी खातोस की रे," असं आप्पा म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीच्या लग्नात मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. वडीलधाऱ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, हे पन्नाशीतल्या माणसाला काय सांगायचं? पण माझं पान रिकामं झालं आणि सवयीनं मी उठलो. मी उठलो म्हणून शेजारचा उठला, मग सगळी रांगच उठली. आप्पांचा भात अर्धा राहिला होता. तेही तसेच उठले. नातीच्या लग्नात आजोबा अर्धपोटी, अन् तेही सख्ख्या भाच्यामुळं!

महिनाभर तोंड लपवलं. मग मिठाईचा पुडा घेऊन माफी मागायला तेरला गेलो.

आप्पांनी पुडा उलटसुलट करून पाहिला. "हे कुणाच्या वावरात पिकलं?"

"आप्पा, त्या दिवशी माझं..."

"आधी जेव. तोंडात घास असताना बोलू न्हाय."

मामींनी तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली. सोबत तुरीचं वरण आणि शेंगदाण्याची चटणी. बोलायला मनाई, म्हणून चावत राहिलो. ज्वारी गोड लागते हा शोध मला तेव्हा लागला. एरवी तीन भाकरी रिचवणारा मी, पण दीडच भाकरीत माझं पोट भरलं. त्या दिवशी गोळीही लागली नाही.

माझं ताट रिकामं झालं, आप्पांचं निम्मंही नव्हतं. मी मांडी मोडली नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मामींना म्हणाले, "वाढ अजून वरण. आज मला लई वेळ लागणार हाय."

माफी मागायची राहूनच गेली. पुढं कित्येक रविवार तिकडंच जेवलो.

आप्पा गेल्यावर, परवाच्या रविवारीही गेलो. समोर भिंतीशी आप्पांचा पाट उभा करून ठेवला होता. त्या पाटाकडं बघवेना, म्हणून भराभर जेवलो... जुनी खोड! आप्पांचं होईस्तोवर मामी तवा कधी उतरवत नसत. त्या दिवशी मात्र माझ्या रिकाम्या ताटाकडं बघत त्यांनी विचारलं, "उतरवू का रे तवा?"

"नको मामी," मी म्हणालो. "अजून एक टाका. बसतो मी."