बेटावरची चूल

बेटावर जेवणाचे ट्रे भरलेलेच परत येत होते आणि मी इकडे अमेरिकेत, प्लेनोच्या ऑफिसात मेनू बदलत बसले होते. मसाला वाढवला, भात मऊ करायला सांगितला. उपयोग शून्य.

मुलांनो, मी तेव्हा एका केटरिंग कंपनीत डाएटिशियन होते. समुद्रात अडवलेल्या निर्वासितांना सरकारने एका बेटावरच्या कॅम्पात ठेवलं होतं. त्यांच्या जेवणाचं कॉन्ट्रॅक्ट आमचं. पैसे 'मॅन-डे'वर मिळत. एक माणूस कॅम्पात एक दिवस राहिला की एक मॅन-डे. आपण ट्रे पोचवला की झालं; तो जेवला की नाही, याच्याशी बिलाचा संबंध नव्हता.

कॅम्पातली नर्स टेरेसा तिथल्या एका बाळंतिणीबद्दल फोनवर म्हणाली, "झारा आजही जेवली नाही. बाळ अंगावर पितंय तिचं. दूध आटत चाललंय."

"त्यांचा काही उपवास आहे का?" मी विचारलं. बाई जेवत नाही म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार! खजूर आणि फळं पाठवायच्या तयारीलाही लागले होते.

"उपवास कसला, मॅडम! ती म्हणते, किती दिवस कोणी ट्रे सरकवायचा आणि मी खायचं? मला माझ्या हाताने रांधू द्या."

मी बॉसकडे गेले. "क्रेग, बायकांना स्टोव्ह देऊ या. तांदूळ, डाळ, कांदे. करतील त्या."

"मग आपण सर्व्ह काय केलं? बिल कशाचं लावू?"

"बाळ उपाशी आहे, क्रेग."

"आय नो. वाईट वाटतं. पण ट्रे वेळेवर जातायत ना?"

वीकएंडभर मी घरात येरझाऱ्या घालत होते. "अगं, बस तरी!" तुमचे आजोबा वैतागले. पूर्वी मी नर्सिंग होमची, म्हणजे इकडच्या वृद्धाश्रमांची, कामं केली होती. तिथे म्हाताऱ्यांना कुकीज करायला बसवत आणि थेरपी म्हणून वेगळं बिल लावत. ते आठवलं.

सोमवारी क्रेगला म्हटलं, "याला कुकिंग थेरपी म्हणू. चार्ज वेगळा."

तो ताठ बसला. "शुभदा, यू आर अ जीनियस!"

स्टोव्ह पोचले. झारा रांधू लागली, जेवू लागली. बाळाचं पोट भरू लागलं. टेरेसा म्हणाली, "आज मलाच वाढलं तिने. वर रागावली, इतकंच खातेस म्हणून!"

पुढच्या मीटिंगमध्ये क्रेगने सांगितलं, कॅम्प शांत आहे, मार्जिन वाढलंय, आता कॉन्ट्रॅक्टची मुदत वाढवून घेऊ. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

"पण या लोकांना सोडणार कधी?" मी विचारलं.

"ते आपलं डिपार्टमेंट नाही."

झारा तिथून कधी सुटली, मला कळलं नाही. अजूनही अधूनमधून मनात येतं. ऑफिसात एखादं अडलेलं काम सोपं करून द्याल, तेव्हा ते कोणासाठी सोपं झालं, एवढं बघून घ्या.